उरलेल्याचा रकाना

डॉक्टर श्रेयांनी वही मिटली आणि विचारलं, "आठ दिवसांत यापेक्षा जास्त काहीच खाल्लं नाही?"

दीपमालानं मान हलवली. वहीत सगळं नीट लिहिलं होतं. सकाळी चहा, दुपारी दीड भाकरी आणि भाजी, रात्री एक भाकरी. एक अक्षर खोटं नव्हतं. तरी मघाशी काट्यानं एकशे चौदा किलो दाखवले होते, आणि काट्याला कुणाची भीडभाड नसते.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं, की वजन उतरवायच्या या ऑपरेशनात पोटाचा मोठा भाग काढून टाकतात. त्यानंतर जन्मभर थोडं, वेळेवर आणि सावकाश खायचं असतं. जो आधीच खाल्लेलं लपवतो, त्याचे पुढे फार हाल होतात. म्हणून वही खरी होईपर्यंत तारीख मिळणार नाही.

दीपमालाची साखर वाढलेली होती, गुडघे कामातून गेले होते. गेल्या महिन्यात धाकटा पोरगा रस्त्याकडे पळत सुटला, तेव्हा तिला त्याच्यामागं चार पावलंही धावता आलं नव्हतं. शेजारणीनं धरला म्हणून वाचला. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. हे ऑपरेशन व्हायलाच हवं होतं.

आणि डॉक्टरांपेक्षा मोठी भीती शेजारच्या खुर्चीवर बसली होती. सोनाजी, तिचे सासरे. गुडघ्यांमध्ये काठी आणि डोक्याला पटका. घरचं कुणीतरी बरोबर आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नवरा बिभीषण कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला, म्हणून नाइलाजानं मामांना आणावं लागलं. सासऱ्यांना ती मामाच म्हणायची. पाचोडकडच्या माळावर चाळीस वर्षं मेंढरांमागं हिंडलेला माणूस. चांगलं पोट कापायचं म्हटल्यावर हे काठी उचलून सरळ बजाजनगरची बस धरणार, याची तिला खात्री होती.

सोनाजी खाकरले.

"म्याडम, पोर खोटं बोलत नाय. तिनं उरलेलं मांडलं नाय वहीत. आमच्यात उरलेल्याला जेवण म्हणत नायत."

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला.

मग सोनाजींनी बोटांवर मोजत सगळं सांगितलं. पोरांचे डबे शाळेतून अर्धे परत येतात. त्यातली पोळी ही मोरीपाशी उभ्या उभ्या खाते. बिभीषण कधी कंपनीतच जेवून येतो, मग त्याच्या वाटणीचं हिच्या पोटात जातं. खिचडीचं पातेलं घासायच्या आधी ते पुसून घेणारी हीच. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ही बसते, आणि भाकरी टाकायची नाही म्हणून टोपलं रिकामं करूनच उठते.

दीपमाला थक्क झाली. मामा बाजेवर डोळे मिटून पडलेले असतात, एवढंच तिला माहीत होतं. आणि हे सगळं आपण खातो, हे तर तिलाही आजच कळत होतं.

"मेंढरं होती तवा उरलेलं कुत्र्याला जायचं," सोनाजी म्हणाले. "हितं बजाजनगरात कुत्रं नाय. मग ते..."

त्यांनी काठीवरचा हात बदलला आणि पहिल्यांदाच सुनेकडे पाहिलं.

"कळपात कोणती मेंढी मागं राहून खाती, ते मला लांबनं कळायचं. घरातलं रोज दिसत व्हतं, पर कळलं नाय, पोरी. चुकलं माझं."

दीपमालानं पदर तोंडाला लावला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. ती काय खाते आणि कधी खाते, हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारावं असं तिलाही वाटलं नव्हतं. आता कुणाच्या तरी ते ध्यानात आलं, तर रडू आवरेना. पण ते रडू दुःखाचं नव्हतं.

ऑपरेशन झाल्यावर हिला किती खाता येईल, असं सोनाजींनी विचारलं. डॉक्टरांनी खणातली एक लहानशी वाटी काढून दाखवली. सोनाजींनी ती हातात घेऊन फिरवून पाहिली.

"म्हंजे हिला आधी वाढाया पायजे. आन आमी थांबाया पायजे."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "तेवढंच पायजे."

ऑपरेशनला सोनाजींची संमती झाली ती एवढ्याच बोलण्यात. डॉक्टरांनी पट्टी घेऊन वहीत एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'उरलेलं'. महिनाभर हाही रकाना भरून आणा, मग तारखेचं बघू, असं सांगून त्यांनी दोघांना घरी पाठवलं.

महिन्यानं दोघं पुन्हा आले. दीपमालाचं वजन चार किलोनं उतरलं होतं. सोनाजींच्या सदऱ्याचं खालचं बटण मात्र लागत नव्हतं.

डॉक्टरांनी वही उघडली. आता तीत चहाची साखरही होती आणि पोरानं भरवलेलं अर्धं बिस्किटही. रात्रीच्या जेवणापुढे वेळ लिहिली होती, साडेसात, आणि त्यापुढे 'सगळ्यांच्या आधी'. पानं उलटता उलटता डॉक्टर थबकल्या. त्यांनी सोनाजींच्या त्या बटणाकडे पाहिलं, हसू दाबलं आणि शेवटच्या पानावर ऑपरेशनची तारीख लिहिली.

उरलेल्याच्या रकान्यात तीसही दिवस एकच शब्द होता: मामांनी.