पाणी पितो तो माणूस

गेनबाने तांब्या पुढे केला. समोरच्या माणसाने तो घेतला नाही.

म्हणजे हाही नसलेलाच, असं गेनबाने ठरवलं. तरी त्याचं मन नीट ठरेना. तांब्या हातात थरथरत होता, पाणी धोतरावर सांडत होतं. ओट्याच्या पायरीपाशी उभा असलेला माणूस हुबेहूब त्याच्या धाकट्या भावासारखा, भिमासारखा दिसत होता. पण तसा तर तो रोजच दिसायचा.

गेनबाला कंपवात होता. त्याचे हात कापतात, पाऊल चटकन उचलत नाही, हे मार्गासनीत सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरं दुखणं मात्र घरातल्या घरात होतं. अलीकडे त्याला नसलेलं दिसायचं. कणगीपाशी पांढरी शेळी बसायची. माळ्यावर कुणाची कोण पोरं पाय हलवत बसायची. आणि दिवस कलला की पायरीपाशी भिमा यायचा. भोरचे डॉक्टर म्हणाले, हे भूतबीत नाही, देवऋषाकडे जाऊ नका, या आजारात असं होतं. त्यांनी गोळ्या बदलून दिल्या. शेळी गेली, पोरंही पांगली. भिमा काही जाईना.

शेवटी गेनबाच्या बायकोने, धोंडाबाईने, युक्ती काढली. "दारात आलेल्याला पानी द्यायचं. पिला तर मानूस. न्हाई पिला तर तोंड फिरवायचं, बोलायचं न्हाई." युक्ती चांगली होती. फक्त गुरांच्या डॉक्टरांना तिचा प्रसाद मिळाला. ते बिचारे चहा पिऊन आले होते, पाणी नको म्हणाले, आणि गेनबा त्यांच्याकडे पाठ करून बसला. तेव्हापासून गावात थट्टाच झाली. गेनबाकडे जायचं तर तहान घेऊन जायचं.

आजचा भिमा मात्र शिवऱ्याहून एसटीने आला होता. नसरापूरला गाडी बदलून, घामाघूम होऊन.

तो शिवऱ्याला लेकाकडे राहायला गेला त्याला कारण झालं एका लावणीचं. इकडे भाताच्या लावणीला सावड असते. आज तू माझ्या खाचरात, उद्या मी तुझ्या. त्या साली भिमा कंबर मोडेपर्यंत दादाच्या खाचरात राबला. त्याची पाळी आली तेव्हा गेनबा ओट्यावर बसून राहिला. ताप नाही, काही नाही, नुसता बसलेला. हाका मारल्या तरी उठला नाही. भिमाची रोपं वाफ्यातच पिवळी पडली. "ह्या घरचं पानी पिलो तर बापाचं नाव लावनार न्हाई," असं सगळ्या आळीसमोर बोलून तो गेला. रागात शब्द गेला, आणि मग तो पाळणं आलं.

परवा कुणीतरी त्याला म्हणालं, तुझा दादा फार थकलाय रे. भिमाला राहवेना. नुसतं बघून यायचं, पाण्याला मात्र शिवायचं नाही, असं ठरवून तो निघाला होता.

आता तो बघत होता. इतक्या वर्षांनी पाठचा भाऊ दारात आलाय आणि दादाच्या तोंडावरची रेष हलत नाही. आजाराने तो चेहराच थिजवला होता, पण हे भिमाला कुठलं माहीत? त्याला वाटलं, गुर्मी अजून तीच. आपण उगाच आलो. आता मेल्यावरसुद्धा यायचं नाही.

"येतो, दादा," म्हणून तो वळला.

"जा," गेनबा म्हणाला. आवाज बारीक होता, एकसुरी. "उद्या येशीलच. रोज येतोस. रोज तुला तांब्या देतो, रोज न्हाई म्हनतोस."

भिमा थबकला.

"धोंडी म्हनती, तुज्याशी बोलू नगं, तू न्हाईसच. पर आत्ता ती गिरनीत गेलीया." गेनबा थांबला. पुढचा शब्द सापडायला त्याला वेळ लागला. "खरा भिमा काय आता येत न्हाई. म्हनून तुलाच सांगतो. त्या लावनीला म्या का उटलो न्हाई, माजं मलाच ठावं न्हाई. पाय धड हुतं. तुजी रोपं हितनं दिसत हुती. पर उटावंसंच वाटंना. रडू बी यीना. डाक्टर म्हनलं, दुखनं तवापास्नंच असंल, हात लई मागनं कापाया लागला. आता खऱ्याला हे कोन सांगायचं?"

भिमा पायरी चढून वर आला. त्याने दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि उभ्याउभ्या, घटाघटा, तळाचा थेंबही न ठेवता रिता केला. बापाच्या नावाचं काय व्हायचं ते होवो. रिकामा तांब्या त्याने दादाच्या हातात दिला.

गेनबाने आत डोकावून पाहिलं. तांब्या उलटा केला. एवढा एकच खुंटा धरून त्याने इतके दिवस काढले होते, आणि आता नसलेली माणसंही पाणी प्यायला लागली. मग खरं कोण मानायचं? का पाणी आपल्याच हातून सांडलं? तो पुरता गोंधळला. त्याला भीतीच वाटली.

एवढ्यात दळणाचा डबा डोक्यावर घेऊन धोंडाबाई अंगणात आली. ओट्याकडे नजर गेली तशी ती जागच्या जागी थांबली. तिने डबा खाली ठेवला, पदर डोक्यावर ओढला.

"भावजी! कवा आलात?"

गेनबाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग भिमाकडे. चेहऱ्यावरची रेष अजूनही हललेली नव्हती.

"अगं," तो हळूच म्हणाला, "तुला बी दिसतोय व्हय ह्यो?"