गालाचा तुकडा

“गालाला सुरी नको हो, ससाणेबाई. पोरीचं लग्न ठरतंय,” आईनं तिसऱ्यांदा बजावलं.

म्हणून दवाखान्यात सगळ्यांसारखा शर्वरीच्याही मांडीवरच्या चट्ट्याचाच तुकडा काढून तबकडीत वाढवला होता. उपचार आधी तुकड्यावर, मग माणसावर, अशी आता रीत होती. मांडीचा तुकडा अतिनील दिव्याखाली झकास बरा झाला. निदान झालं: सोरायसिस. उद्यापासून शर्वरी त्याच दिव्याखाली बसणार होती.

“मांडीला ऊन कधी लागतं का?” डॉक्टर ससाणेबाई म्हणाल्या. “हिच्या गालावरचा लाल चट्टा मला वेगळाच वाटतोय.”

“मग घ्या की!” शर्वरीनं त्यांच्या हातातली सुरी हिसकावून स्वतःच गालाचा टवका काढला. रक्त ओढणीवर सांडलं. आई किंचाळली.

तासाभरात तुकडा वाढला. दिवा लावताच तबकडीत सोडलेल्या शर्वरीच्याच रक्तातल्या पेशी त्याच्यावर तुटून पडल्या. कातडी फुगली, फाटली, सोलून निघाली.

“सोरायसिस आहेच,” ससाणेबाई म्हणाल्या, “पण सोबत ल्युपसही आहे, शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार. त्याला हा दिवा म्हणजे मारेकरी.”

आईनं तबकडीत पाहिलं आणि स्टीलचा डबा उचलून दिवाच फोडला.

“अहो, इतर पेशंटना लागतो तो!” ससाणेबाई ओरडल्या.

“मग त्यांचेही गाल कापा आधी,” ओढणीचा बोळा लेकीच्या जखमेवर दाबत आई म्हणाली.