तिसऱ्या बोल्टवरची रेघ

तिसरा बोल्ट नुसत्या बोटांनी फिरला.

मिस्त्रींचा हात तिथेच थांबला. मग त्यांनी उरलेल्या सात बोल्टांवर एकेक करून जोर लावून पाहिला. सातही घट्ट. सैल होता तो हा एकच.

इंजिन आणि पाण्याखालच्या पंख्याचा दांडा जिथे जोडले जातात, त्या चकतीवर हे आठ बोल्ट असतात. शर्यतीच्या बोटीची सगळी ताकद त्यांच्यातून पंख्याकडे जाते. एक सुटला की भार बाकीच्यांवर येतो, दांडा हेलकावे खातो आणि भर वेगात बोटीचा तळ फाडतो. उद्या सकाळी या बोटीत मिस्त्रींची मुलगी बसणार होती.

त्यांनी बोल्ट पूर्ण काढून उजेडात धरला. आटे कोरडे ठणठणीत. बोल्ट हलू नये म्हणून आट्यांना निळं औषध लावतात, त्याचा टिपूसही नव्हता. औषधाशिवाय मिस्त्रींनी तीस वर्षांत एकही बोल्ट आवळला नव्हता.

म्हणजे हा बोल्ट आपण बसवलेला नाही. इथे दुसऱ्या कोणाचा तरी हात लागलाय.

शेडची दुसरी किल्ली एकाकडेच होती. जावयाकडे.

सोमवारी तो चकचकीत स्टीलच्या बोल्टांचं पुडकं घेऊन आला होता. "बाबा, हे गंजत नाहीत. तुमचे काळे बघा, जुन्या कुलपासारखे दिसतात."

"लग्नात मिरवायचेत का?" मिस्त्री म्हणाले होते. "तुमचे चकचकीत ताण आला की लांबतात. काळ्याच्या डोक्यावर ताकदीचा आकडा ठोकलेला असतो. तो वाचायला शिका आधी."

जावई हसला होता आणि पुडकं खिशात घातलं होतं. ते हसणं मिस्त्रींच्या डोक्यातून गेलं नव्हतं. त्यात काल संध्याकाळी तो बॅटरी घेऊन इंजिनावर ओणवा झालेला दिसला. काय करताय विचारलं, तर म्हणाला, "काही नाही, बघतोय." काही नाही करायला कोणी बॅटरी आणतं का?

मिस्त्रींची बायको असती तर असं झालंच नसतं. मिस्त्री पाना ओढायचे, ती मागे उभी राहायची. त्यांनी न बघता हात मागे केला की औषधाची बाटली हातात पडायची. बोल्ट ठरलेल्या ताकदीला आवळला की पान्यातून कट्ट आवाज येतो. तो आला की ती म्हणायची, "ऐकलं." मग पिवळ्या रंगाचा ब्रश डब्याच्या काठावर निथळून बोल्टच्या डोक्यावरून चकतीपर्यंत रेघ ओढायची. बोल्ट जरासा फिरला तरी ती रेघ तुटते, लांबून कळतं. मिस्त्रींनी कधी कंटाळून पाना अर्ध्यावर सोडला, तर ती ब्रश मागे घ्यायची. "नाही ऐकलं." त्यापुढे काही चालायचं नाही. तिला जाऊन सात महिने झाले होते. आता पाना, बाटली, ब्रश, सगळं मिस्त्रींकडेच.

जावई शेडमध्ये आला तो शीळ घालत.

"या, जावईबापू. माझा तिसरा बोल्ट कुठाय?"

"तुमच्या हातात."

"हा माझा नाही. आटे कोरडे आहेत याचे. तुमचा चकचकीत बसवायला गेलात, जमलं नाही, मग हाताला लागला तो कोंबलात. उद्या यात तुमचीच बायको बसणारे, एवढं तरी डोक्यात होतं का?"

जावयाची शीळ कधीच थांबली होती. त्याने बोल्ट घेतला, भोकात लावला आणि दोन बोटांनी फिरवत नेला. बोल्टचं डोकं चकतीला जेमतेम टेकलं आणि पिवळ्या रेघेचे दोन तुकडे समोरासमोर आले. केसाचाही फरक नाही.

"आवळून रेघ मारली असती, तर ती इथे जुळली नसती, बाबा," तो हळूच म्हणाला. "मारली तेव्हा बोल्ट असाच होता."

"मग तुम्हीच मारलीत!"

"तुम्ही परवा तेल दोनदा ओतलंत, म्हणून मी काल सगळं बघत होतो. आठही बघितले. तुमची रेघ दिसली म्हणून हात लावला नाही."

मिस्त्री रेघेवर वाकले. तिच्या सुरुवातीला रंगाचा जाड थेंब होता. आठही रेघांना तसाच. ब्रश निथळायची सवय त्यांना कधी नव्हती. ते बायकोचं काम.

मग त्यांना मंगळवारची दुपार आठवली. आटे नीट लागतात का बघायला त्यांनी तिसरा बोल्ट कोरडाच फिरवत आत नेला होता. आता काढून औषध लावायचं, म्हणून न बघता हात मागे केला. हातात काही पडलं नाही. हात तसाच मागे धरून ते किती वेळ उभे होते, कोण जाणे. शेवटी स्वतःच बाटली घ्यायला वळले. आणि उचलला तो ब्रश.

"बाबा?" जावई म्हणाला.

मिस्त्रींनी पाना उचलला. त्यांनी आठही बोल्ट काढले, आटे पुसून औषध लावलं आणि परत बसवले. उद्यापर्यंत सुकायला वेळ होता. रंगाचा डबा त्यांनी जावयापुढे सरकवला.

"मागे उभे राहा. मी सांगेन तेव्हा रेघ मारायची."

त्यांनी पहिल्या बोल्टला पाना लावला, ओढला आणि मुद्दाम अर्ध्यावर सोडला. मागे वळून न बघता म्हणाले, "हं, मारा."

मागून ब्रश डब्यात परत ठेवल्याचा आवाज आला.

"नाही ऐकलं, बाबा."