धुराचा अर्ज

"पन्नास सह्या आण, लिंबाजी. उद्याच्या उद्या बिडी-सिगरेट बंद करतो," मालक मन्मथअप्पा म्हणाला आणि स्वतःची सिगरेट ओठात धरून वाट बघत राहिला.

लिंबाजीने काडी ओढून पुढे केली. बावीस वर्षांची सवय. चाकूरच्या त्या परमिट रूममध्ये गिऱ्हाइकाने सिगरेट ओठाला लावायचा अवकाश, लिंबाजी वेटरची काडी हजर. भिंतीवर ‘धूम्रपानास सक्त मनाई’ अशी पाटी होती आणि पाटीखालच्याच टेबलावर राखेची वाटी. कायदा वर, राख खाली. दोघंही सुखाने नांदत होते.

हाल होते ते लिंबाजीचे. खोकल्याची उबळ आली की मोरीत जाऊन भिंत धरावी लागायची. सरकारी दवाखान्यातली पंचशीला सिस्टर त्याच्याच गावची लेक. तिने छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं होतं, "काका, धूर सोडा न्हाईतर नोकरी सोडा." धूर सोडा म्हणे! त्याने जन्मात बिडी ओढली नव्हती. आणि नोकरी सोडून जायचं कुठं? दोन वर्षं पावसाने तोंड फिरवलेलं, रानात काम नाही, घरात बायकोचे, सरजाबाईचे गुडघे गेलेले. लातूरला तर पाणी रेल्वेने येत होतं. ही नोकरी गेली की सगळंच संपलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून त्याने मालकाचे पाय धरले होते. "अप्पा, तेवढा धूर बंद करा. मरंस्तोवर काम करतो."

"माझं काय जातंय? पण गिऱ्हाईक तुटलं म्हंजे? लोकांचं मत बघावं लागतं, बाबा."

अर्ज काउंटरवरच्या रामकिशनने लिहिला. लिंबाजीला अक्षरओळख नव्हती. रामकिशनने वाचून दाखवलं, "हॉलमध्ये बिडी-सिगरेट बंद व्हावी, आम्हा सर्वांना त्रास होतो." ऐकूनच लिंबाजीला अर्धं बरं वाटलं. पहिला अंगठा त्यानेच उमटवला.

त्या दिवसांत सुकाळ काय तो सह्यांचाच होता. टँकर पाहिजे, करा सही. चारा छावणी पाहिजे, करा सही. उदगीर जिल्हा झाला पाहिजे म्हणून तर गल्लोगल्ली कागद फिरत होते. कागद दिसला की माणसाचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जायचा. वाचत बसायला कुणाला सवड?

"जिल्ह्याचा का रे?" शेषेराव ठेकेदाराने विचारलं.

"न्हाई मालक, धुराचा. हितं बिडी-सिगरेट बंद करून टाकायची."

"लई ब्येस! पायजेच," म्हणत शेषेरावाने सिगरेट डाव्या हातात घेतली आणि उजव्याने झोकात सही ठोकली.

असंच चाललं. ओढणारेच बंदीला हो म्हणत होते, याचं लिंबाजीला नवल वाटे. चार दिवसांत कागद भरत आला. आपण उगाच लोकांना नावं ठेवत होतो, असं वाटून त्याचे डोळे भरून आले.

वाचून सही करणारा एकच भेटला, व्यंकटराव. निवृत्त तलाठी. त्याने चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला आणि मग चष्म्यावरून लिंबाजीकडे पाहिलं.

"लिंबाजी, हे तुला मान्य हाय?"

"मान्य म्हंजे? म्याच मागनी केली. पैला अंगठा माझाच हाय, बगा की."

"आन् सरजाबाईला?"

"ती तर नवस बोलून बसलीय."

व्यंकटरावाचा ग्लास तसाच भरलेला होता. "जिवापरीस काई मोठं न्हाई, हेबी खरंच म्हना," तो म्हणाला आणि सावकाश सही केली. उठताना त्याने लिंबाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "झेरॉक्स काढून ठीव एक. कागद हातचा गेला की गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजीने एक्कावन्न सह्यांचा कागद मालकाच्या हातात दिला. अप्पाने तो उलटासुलटा करून बघितला.

"लोकांचंच मत पडलं म्हंजे माझाबी इलाज न्हाई," तो म्हणाला. "दोन दिवस घरी ऱ्हा. हॉलला रंग मारून घेतो."

रंगसुद्धा! लिंबाजी झेरॉक्सची घडी खिशात घालून तडक दवाखान्यात गेला. पंचशीला पट्ट्या कापत बसली होती. कित्येक महिन्यांत तो तिच्यासमोर हसत आला नव्हता.

"जमलं बग पोरी. धूर बंद. ही बग, एक्कावन्न मानसं माझ्या मागं उभी हाईत. वाच, वाच मोठ्यानं."

पंचशीलाने कागद उलगडला. मनातल्या मनात वाचता वाचता तिची कात्री हातातच राहिली.

"काका, हे कुणी लिवलं?"

"रामकिशननं. अक्षर लागत न्हाई का?"

"लागतंय. आधी बसा तुमी. पानी घ्या."

"पानी ऱ्हाऊ दे. वाच की, बाई. सरजीला जाऊन शब्द न् शब्द सांगायचाय."

पंचशीलाने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग खाली मान घालून, हळू आवाजात वाचलं, "हॉलमधील सिगरेटबद्दल आमची काही तक्रार नाही. मात्र लिंबाजी वेटरच्या सततच्या खोकल्यामुळे आम्हाला जेवण जात नाही. तरी त्यास कामावरून कमी करावे, असे आम्हा सर्वांचे मत आहे, आणि त्यास स्वतः लिंबाजीचीही संमती आहे."