आमेन नेमकं कुठे?

सुवार्ता आणि ग्लेनच्या लग्नाची पहिली बोलणी जेवणाआधीच्या प्रार्थनेवरच फिस्कटली होती. ग्लेनच्या घरचे कॅथलिक. त्यांची प्रार्थना 'आम्हाला वाइटापासून सोडव'वर संपते. ते आमेन म्हणून जेवायला बसलेसुद्धा. सुवार्ताचे पप्पा प्रोटेस्टंट. त्यांच्यात पुढे आणखी एक ओळ असते. ती ते एकटेच उभ्याने म्हणत राहिले.

"अर्ध्या प्रार्थनेवर घास उतरतो कसा यांच्या घशाखाली?" पप्पा चिडले.

"आमचं आमेन झालं तरी ह्यांची गाडी चालूच!" ग्लेनची आई, फिलोमिना आंटी, फणकारल्या.

आज मुलुंडला ग्लेनच्या घरी पुन्हा सगळे टेबलाभोवती उभे राहिले. 'वाइटापासून सोडव' आलं आणि पप्पांनी ठणकावून आमेन म्हटलं, खुर्ची ओढली, घास तोंडात घातला. समोर फिलोमिना आंटी मात्र उभ्याच. तळहातातल्या चिठ्ठीवरून अडखळत पुढची ओळ वाचत होत्या.

"हे जमलं, की परत वाट लागली रे?" सुवार्ताने ग्लेनला हळूच विचारलं.

पप्पा भरल्या तोंडाने लगबगीने उभे राहिले, तोवर आंटी आमेन म्हणून खाली बसल्या होत्या.