दहाव्याचा दगड

"हे तीळ तीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत," दिगंबरराव म्हणाले.

"काल सकाळचे आहेत," कुसुम म्हणाली.

दिगंबररावांनी तिळांची पुडी मिटली आणि खिशात ठेवली. ते उत्खननाचे साहेब होते. चार दिवसांपूर्वी त्यांनी तुकईथडच्या शिवारात, कुसुमच्या वडिलांच्या, चुडामणच्या शेताच्या कोपऱ्यात तंबू ठोकला होता. तिथं मोठमोठ्या दगडांचं एक गोल रिंगण होतं. गावाला ते कायम माहीत होतं. साहेबांनी ते शोधून काढलं. रिंगणाच्या आत त्यांना खळगे सापडले. लाकडी खांब कुजून गेले होते, त्यांच्या जागची माती तेवढी काळी राहिली होती. मधोमध चार माणसांची हाडं होती आणि हाडांशेजारी चार गुळगुळीत काळे गोटे. छप्पन सालचा नोव्हेंबर संपत आला होता. नवं राज्य महिनाभराचं होतं आणि ते तीन हजार वर्षं एकसंध असल्याचा पुरावा साहेबांच्या हाती आला होता. परवा मंत्री बघायला येणार होते.

पाचवा गोटा काल सापडला. तो रिंगणातल्या एका कलत्या शिळेखाली होता आणि त्याला तीळ चिकटले होते. आनंदाच्या भरात साहेबांनी तंबूत जाऊन दोनदा चहा घेतला.

तो गोटा चुडामणचा होता. चितेजवळून उचललेला जीवखडा. गेलेला माणूस दहा दिवस त्या दगडात राहतो. दगड घरात नेत नाहीत आणि दहाव्यापर्यंत जागचा हलवत नाहीत. रोज त्याला तीळ-पाणी द्यायचं आणि दहाव्या दिवशी नदीत सोडायचा. कुसुमच्या घराण्याचे जीवखडे त्याच शिळेखाली ठेवायची रीत होती, कारण तिथं गुरं जात नसत. सरकार जाईल हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आज दहावा होता. चुडामणला मूल एकच, कुसुम. ती बऱ्हाणपूरच्या शाळेत शिकवायची. क्रिया तिचा चुलतभाऊ लोटू करत होता. तो डोकं भादरून बैलगाडीत बसला होता, शेजारी दगाकाका. तापीवर बामण वाट बघत होता. घरातले दोन्ही पुरुष सरकारशी बोलायला तयार नव्हते, म्हणून बाईला पाठवलं होतं.

"पोरी, भांडू नको," दगाकाकांनी गाडीतूनच सांगितलं होतं. "दुसरा गोटा घेऊन टाक. बामणाले काय समजते!"

साहेबांचंही तेच म्हणणं पडलं.

"बाई, नदीत असे ढीगभर दगड आहेत. त्यातला एक घ्या. काय फरक पडतो?"

"मग तुम्हीच घ्या ना नदीतला."

"अहो, आमचा खरा असावा लागतो."

दहा दिवसांत कुसुम फार थोडं बोलली होती.

"माझे वडील द्या," ती म्हणाली.

साहेबांनी तिला तंबूत नेलं. टेबलावर पत्र्याचं ताट होतं. त्यात पाच काळे गोटे ओळीनं मांडले होते, स्वच्छ, ओले. शिपायानं पाचही एकाच घमेल्यात घासून धुतले होते. नंबरांच्या चिठ्ठ्याही सोबत धुतल्या गेल्या होत्या.

शिपायाकडे एकदा बघून साहेबांनी आवाज चढवला. "ओळखा तुमचा. ओळखलात तर न्या."

कुसुम वाकली. बाबांची खोकल्याची उबळ तिनं दहा घरांपलीकडून ओळखली असती. त्यांचं धोतर, डाव्या चपलेचा घासलेला अंगठा, पत्रातलं गिचमिड अक्षर. जीवखडा तिनं हातातसुद्धा घेतला नव्हता. बायकांना स्मशानात नेत नाहीत. निघताना तिनं लोटूला विचारलं होतं, कसा होता? लोटू म्हणाला होता, काळा होता.

"तुम्ही आधी तुमचे ओळखा," ती सरळ उभी राहत म्हणाली. "सरकारचे चार बाजूला काढा. उरेल तो माझा."

साहेबांनी भिंग काढलं. एक गोटा उचलला, उजेडात फिरवला, डावीकडे ठेवला. दुसरा त्याच्याशेजारी. तिसरा हातात घेतल्यावर पहिला पुन्हा ताटात टाकला. शिपायाला मापाची पट्टी आणायला पाठवलं. पाचही मोजले. मग जो डावीकडे होता तोच उचलून, हा आधी पाहिला का, असं शिपायाला विचारलं. नव्या राज्याचा इतिहास पाच मिनिटं ताटात इकडून तिकडे फिरला.

"याचा पृष्ठभाग जरा प्राचीन वाटतो," ते म्हणाले.

"नक्की?"

साहेबांनी सगळे गोटे पुन्हा ताटात टाकले.

कुसुमनं पदर पसरला, ताट उचललं आणि पाचही गोटे पदरात ओतले.

"बाई! त्यात सरकारी मालमत्ता आहे!"

"कोणती, तेवढं दाखवा. इथंच ठेवून जाते."

साहेबांचं बोट वर उठलं. पदरावर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत हललं. मग त्यांनी ते भिंगाबरोबर खिशात घातलं.

ती गाडीपाशी आली. दगाकाकांनी हात पुढे केला. कुसुमनं पदर उघडला तसा त्यांनी तो मागे घेतला.

"पाच? अवं पोरी, मेला तर एकच!"

"हो काका," कुसुम गाडीत चढत म्हणाली. "बाकीच्या चौघांचा दहावा राहून गेला होता."