बिस्किटांची गाडी

मोघेभाऊजींनी टीपॉयवर बिस्किटांची गाडी मांडली होती, एक बिस्कीट म्हणजे एक माणूस. दरवर्षी टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने ठरली की आमच्या बिल्डिंगमधली जोडपी अशाच जागा वाटून घेतात. एका बाजूला दोघादोघांच्या सीट, दुसऱ्या बाजूला सिंगल. यंदा दिवेआगरला जायचं होतं.

त्या सिंगल सीटवरून मी दरवर्षी भांडायचे. ताम्हिणी घाट लागला की ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडायचं, ते थेट समुद्र दिसेपर्यंत. वर घोरणं. "एकदा तरी मला सुटं बसू द्या हो," असं मी म्हणायचे आणि सगळे हसायचे. सीट मात्र कधीच कुणी दिली नाही.

हे गेल्यानंतरची ही पहिलीच सहल. मी तोंड उघडायच्या आत भाऊजींनी एक बिस्कीट उचलून पलीकडे, खिडकीपाशी ठेवलं.

"वहिनी, ही सिंगल सीट तुमची. ऐसपैस बसा."

या वेळी कुणी हसलं नाही. भाऊजींच्या बायकोने हळूच माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मला रागच आला. मी ते बिस्कीट उचललं आणि मागच्या दोघांच्या सीटवर नेऊन ठेवलं.

"अहो, पण तिथे तुमच्या शेजारी कोण बसणार?" भाऊजी गोंधळले.

"पिशवी ठेवीन," मी म्हणाले. "चांगली जड भरते. घाटात माझ्या अंगावर कलंडेल अशी."